चाकातली रेघ

माझे नाव ठाण्याच्या नोंदीत लिहून घेतले आहे. गल्लीत मला फिल्मवाल्या वहिनी म्हणतात. वय अठ्ठेचाळीस. धंदा: स्क्रीन प्रिंटिंगसाठी फिल्म काढून देणे. शिक्षण चौथीपर्यंत, पुढचे वाचन घरी. राहणार दुकानाच्या मागच्या दोन खोल्यांत, सोबत दीर.

मी समक्ष हजर राहून जबाब देते की, मला कोणी बोलावलेले नाही. बनावट ब्रेक ऑइलच्या स्टिकरच्या प्रकरणात आमच्या मागच्या गल्लीतले, फिल्म काढण्याचेच काम करणारे मास्तर अटकेत आहेत, त्याबाबत मला माहिती असल्याने मी स्वतःहून आले आहे.

आमचे काम असे. कापडावर, डब्यावर किंवा स्टिकरवर जे चित्र छापायचे, ते आधी पारदर्शक फिल्मवर दाट काळ्या शाईत काढतात. ती फिल्म जाळीवर ठेवून प्रकाश देतात, म्हणजे जाळीवर चित्र उमटते. रंग जितके, तितक्या फिल्मा; शाई सगळ्यांवर काळीच, पण फिल्म ज्या रंगासाठी असेल त्या रंगाच्या नावाने तिला ओळखतात. आमचा प्रिंटर साधा शाईचा आहे. साध्या प्रिंटरला काळ्या-पांढऱ्याच्या मधली छटा ठिपक्यांत फोडायला लावणारे वेगळे सॉफ्टवेअर लागते. ते माझे पती वापरत. त्यांना वारून सव्वा वर्ष झाले. काम मी चालू ठेवले आहे.

या वर्षाच्या सुरुवातीला त्यांचा कॉम्प्युटर बंद पडला. दुरुस्तीवाल्याने तो उघडून पाहिला आणि पुन्हा झाकण लावले. नवीन कॉम्प्युटरवर जुने सॉफ्टवेअर चढत नव्हते, म्हणून दुसरे निवडणे भाग पडले. मी तीन वापरून पाहिली. एक फुकट होते, पण त्याचे ठिपके गोल न येता अळ्यांसारखे येत. दुसरे पैसे भरेपर्यंत प्रत्येक फिल्मवर आडवे स्वतःचे नाव छापत होते. तिसरे चांगले होते, पण त्याची माहिती इंग्रजीत होती. ती मी शब्दकोश घेऊन वाचली. पहिल्याच पानावर 'हे अगदी सोपे आहे' असे लिहिले होते. ते पान मला दोन दुपारी पुरले.

तिसऱ्या सॉफ्टवेअरच्या विक्रेत्याला मी फोन केला. तो म्हणाला, "घरात कोणी पुरुषमाणूस असेल तर त्यांना द्या ना फोन."

मी म्हणाले, "आहेत. भिंतीवर आहेत, फोटोत. देऊ?"

त्यावर तो स्वतः येतो म्हणाला. त्याला यापुढे सॉफ्टवेअरवाला असे म्हटले आहे. वय तिशीच्या आसपास, अंगाने बारीक, बोलायला गोड. त्याचा फोटो मला आज दाखवण्यात आला. तोच इसम आहे. तो सध्या फरार असल्याचे समजले.

तो दोनदा आला. पहिल्या वेळी त्याने सॉफ्टवेअर बसवले. मी त्याला स्टूल दिले होते, पण तो कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीवर बसला आणि खालचा दांडा ओढून त्याने ती उंच केली. ती खुर्ची माझ्या पतींची आहे. त्याने मला शाई किती दाट सोडायची, ठिपके किती बारीक ठेवायचे आणि कोणत्या कोनात लावायचे ते नीट समजावून सांगितले. मी एकच गोष्ट तीनदा विचारली, तरी तो वैतागला नाही. असे कोणी समजावून सांगितल्याला बरेच दिवस झाले होते. तो गेल्यावर मी खुर्ची परत खाली केली.

दुसऱ्या वेळी तो आला तेव्हा त्याने स्वतःची फाइल आणली होती. "ताई, एक टेस्ट काढून बघू, म्हणजे तुमचीही खात्री आणि माझीही," असे तो म्हणाला. फाइलमध्ये एका मोटारीच्या चाकाच्या करड्या छटा होत्या, खाली एक सावली होती. अक्षर एकही नव्हते. चार कोपऱ्यांत जुळणीच्या फुल्या होत्या. या फुल्या एका रंगाची फिल्म दुसऱ्या रंगाच्या फिल्मशी जुळवायला लागतात. मी विचारले, "एकच रंग आहे, मग फुल्या कशाला?"

तो म्हणाला, "टेस्टमध्ये सगळंच असतं हो ताई."

मी आणखी एक गोष्ट सांगितली. आमच्या प्रिंटरमध्ये फिल्म बाहेर ओढणाऱ्या दातेरी चकत्या आहेत. त्यातली एक वाकडी आहे. डाव्या कडेपासून चार बोटांवर ती ओल्या शाईत टोचत जाते आणि बारीक ठिपक्यांची रेघ पडते. म्हणून आम्ही चित्र नेहमी रेघेच्या उजवीकडे घेतो. तो म्हणाला, "सॉफ्टवेअर आपोआप मध्ये घेतं, राहू द्या. टेस्टच तर आहे." चित्र मोठे होते, रेघ चाकातून गेली. फिल्म वाळल्यावर त्याने ती गुंडाळून नेली. "काय ठिपके आलेत बघा, मोती नुसते," असे तो जाताना म्हणाला. मला बरे वाटले होते, हेही खरे आहे.

तो गेल्यानंतर त्याने ठेवलेले ठिपक्यांच्या कोनाचे आणि अंतराचे आकडे मी बदलले. माझ्या पतींचे आकडे कुठे लिहिलेले नाहीत. पण त्यांनी काढलेल्या फिल्मा कपाटात आहेत. त्यातली एक मी खालून दिवा असलेल्या काचेवर ठेवली आणि तिच्यावर माझी नवीन फिल्म ठेवली. दोन्हींच्या ठिपक्यांचा कोन किंवा अंतर वेगळे असेल तर मध्ये फुलांसारखी नक्षी दिसते. जुळत आणले की फुले मोठी मोठी होत जातात आणि पूर्ण जुळले की नाहीशी होतात. मी आकडे बदलत आणि फिल्मा काढत राहिले. शेवटच्या फिल्मला फूल आले नाही. त्या दिवशी दुसरे काही काम झाले नाही. याचा गुन्ह्याशी संबंध नाही, परंतु माझ्या कॉम्प्युटरमध्ये सध्या जे आकडे आहेत ते सॉफ्टवेअरवाल्याचे नाहीत, हे कळावे म्हणून सांगितले.

काल दुपारी आपले दोन शिपाई गल्लीतल्या सर्व छपाईवाल्यांना एक स्टिकर दाखवत आमच्याकडे आले. चार रंगांचा स्टिकर होता. त्यावर कंपनीचे नाव होते, आणि मध्ये चाक होते. माझ्या दिरांनी "आमच्याकडे असलं काही छापलं नाही," असे सांगितले. ते खरे आहे. मी फक्त फिल्म काढते आणि दीर टी-शर्ट छापतात, स्टिकर आम्ही छापत नाही. मी स्टिकर हातात घेऊन पाहिला. चाकात उभी पांढऱ्या ठिपक्यांची रेघ होती. मी स्टिकर परत दिला. शिपायांनी जाताना सांगितले की मास्तरांच्या दुकानात निळ्या रंगाची एक वाया गेलेली फिल्म सापडली आहे, चारही रंगांचे काम त्यांचेच आहे आणि वय झाल्याने काही आठवत नाही असे सोंग ते करत आहेत.

शिपाई गेल्यावर माझे व दिरांचे बोलणे झाले, ते असे.

दीर म्हणाले, "वहिनी, आपण छापलेलं नाही. विषय संपला."

मी म्हणाले, "काळी फिल्म आपली आहे, भाऊजी."

"कोण म्हणतं? फिल्मला काय तोंड आहे?"

"या फिल्मला आहे."

"बरं, आहे. मग काय करणार? जाऊन सांगणार? प्रिंटर उचलून नेतील. कॉम्प्युटर नेतील. मुद्देमालाच्या खोलीत गेलेली वस्तू परत आलेली पाहिलीय कधी? तुमची चूल तर विझेलच, माझेही टी-शर्ट त्याच फिल्मांवर आहेत. आणि मास्तर आपले कोण हो?"

मास्तरांनी माझ्या पतींना हे काम शिकवले. पती वारल्यानंतर महिनाभर आमच्या जाळ्या मास्तर येऊन धुऊन देत होते. हे मी दिरांना सांगितले नाही. त्यांना माहीत आहे. त्यानंतर ते जेवले नाहीत. आज निघताना मात्र त्यांनीच कपाटातली, चित्रात रेघ आल्याने बाद झालेली एक जुनी फिल्म वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिली व म्हणाले, "मोडू नका, कडेला धरा."

आज ठाण्यात मला फरार इसमाच्या खोलीतून जप्त केलेली काळी फिल्म दाखवण्यात आली. अंमलदार मला म्हणाले, "बाई, एक आरोपी आत आहे, एक फरार आहे. तुम्ही कशाला मध्ये पडताय?" मी माझी फिल्म खिडकीच्या काचेवर धरली आणि तिच्यावर जप्त केलेली धरायला त्यांना सांगितले. दोन्हींवर डावीकडून चार बोटांवर ठिपक्यांची रेघ आहे. त्या वाकड्या चकतीचा एक दात मोडलेला आहे, त्यामुळे रेघेत ठराविक अंतरावर एक ठिपका गाळलेला असतो. फिल्म थोडी वर सरकवली तेव्हा गाळलेली जागा गाळलेल्या जागेवर आली. पुढच्याही सगळ्या आल्या. हे अंमलदारांनी स्वतः पाहिले व पंचांनी पाहिले.

ती चकती बदलून घ्या, असे मी पतींना पुष्कळदा म्हटले होते. ते म्हणत, "राहू दे. आपली फिल्म कुठे हरवली तर ओळखता येईल." ते थट्टेने म्हणत.

माझे म्हणणे असे की, सॉफ्टवेअरवाल्याने टेस्टच्या नावाखाली एकेका दुकानातून एकेका रंगाची फिल्म काढून घेतली. काळी माझ्याकडून घेतली. निळी मास्तरांकडून घेतली असावी. मास्तरांनाही त्याने सॉफ्टवेअर दाखवले होते, हे त्यांनी मला त्याच आठवड्यात सांगितले होते. त्यांना एकाच रंगाची फाइल हातात मिळाली असेल तर पूर्ण चित्र काय आहे हे कळण्याचा मार्ग नव्हता. मलाही नव्हता. लाल आणि पिवळी कोणाकडून घेतली हे मला माहीत नाही. इतर दुकानदारांना विचारल्यास, मी आधी सांगितले आहे हे त्यांना कळावे, म्हणजे ते सांगतील.

माझा प्रिंटर व कॉम्प्युटर ताब्यात घेणार असल्याचे मला समजावून सांगितले. माझी हरकत नाही. प्रिंटर नेताना आडवा करू नये, शाई सांडते. रोज सकाळी एक पट्टी काढावी लागते, नाहीतर शाई आत वाळते आणि तो पुन्हा चालत नाही. अशी तरतूद ठाण्यात नाही, असे अंमलदारांनी सांगितले. तरीही लिहून घ्यावे अशी मी विनंती केली, म्हणून लिहून घेतले आहे.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यानंतर कागद मागून घेऊन मी स्वतः वाचला. मी बोलले त्याप्रमाणे आहे, एक ओळ सोडून. 'मी एक असहाय विधवा असून मला या कामातले काही समजत नाही' ही ओळ मी सांगितलेली नव्हती. अंमलदारांनी ती माझ्या भल्यासाठी घातली असे ते म्हणाले. त्यांचे आभार मानून ती माझ्यासमोर खोडून घेतली आहे. खोडलेल्या जागी माझी सही आहे, आणि खाली आहे.