नीशच्या दाराचं चुंबक

...नाही हो, माझंच चुकलं! साधी कडी लावायची ना गपगुमान! पण नाही! मी पडलो लेथवाला, सगळं मन्सूरा शहर मला उस्ता रिफअत, म्हणजे उस्ताद कारागीर म्हणतं, मग पोरीच्या नीशला कडी कशी लावू? काचेचं कपाट, त्यात नवरीची चिनीमातीची भांडी मांडायची आणि जन्मात त्यात चहा प्यायचा नाही, तो नीश! त्याच्या दारांना मी लावली चुंबकं, भंगारातल्या मोठमोठ्या कर्ण्यांमधली. तुम्हाला सांगतो, ओढतं म्हणजे ओढतं हो!

आधी लावली उलटी. दारं एकमेकांपासून पळायला लागली! आमची बायको फिक्रिया म्हणते, "अगं बाई, यांचं लग्नाआधीच फाटलं की!" मग फिरवली. खाड्! अशी मिटली, की मलाच उघडेनात.

आणि नेमक्या तेव्हाच याव्यात ना विहीणबाई, हजला जाऊन आलेल्या हाज्जा इन्शिराह! मागे गल्लीतल्या साऱ्या बायका. परवा लग्न, आणि या दार ओढतायत, ओढतायत... "उघडत का नाही हो? आत भांडी खरी आहेत ना, की पुठ्ठ्याची? आम्ही नाही बाई फसवाफसवी खपवून घेत! आधी दार उघडा, मग लग्नाचं बघू!" माझी पोर बस्मा तिकडे रडवेली. आणि हाज्जांनी दोन्ही हातांनी लावला जोर, आणि... टण्!

बांगडी चिकटली दाराला! जी दाखवायला बाई थंडीतसुद्धा बाह्या सरसावून फिरतात, ती सोन्याची बांगडी! आता तुम्ही शहाणे आहात, सोनं कधी चुंबकाला चिकटतं का? आत लोखंड, वर मुलामा! पण चुंबकाला कुठे कळतंय, कुणाची अब्रू जातेय? ओढतं म्हणजे ओढतं!

हाज्जा पांढऱ्याफटक. हळूच म्हणतात, "उस्ता, भाऊ, सोडवा हो..."

जिभेवर आलं होतं हो माझ्या! अगदी टोकावर! पण पोरीचं तोंड बघितलं आणि ओरडलो, "बघताय काय? आमचं चुंबकच असं जबर, अस्सल सोन्यालासुद्धा सोडत नाही!" आणि बांगडी बाजूला सरकवून सोडवली. हाज्जा लगेच, "नीश पसंत! उघडायचाय कशाला? नीश काय उघडायला असतो?"

लागलं लग्न. पण गल्लीत काय पसरलं? जे चिकटतं तेच अस्सल! बायका बांगड्या घेऊन माझ्या दुकानात! चिकटली की बसबूसा, ती रव्याची मिठाई, वाटतात, नाही चिकटली की सोनाराच्या नावाने बोटं मोडतात. मी गप्प. विहिणीची अब्रू ना! ओढतं म्हणजे... जाऊ दे.

परवा फिक्रियाने आपल्या बांगड्या लावून बघितल्या. माझ्या आईने स्वतःच्या हातातून काढून दिलेल्या, बावनकशी! एक चिकटेल तर शपथ! "इतकी वर्षं मला खोटं घातलंत?" बोलणं बंद, जेवण बंद. खरं सांगावं तर ती दुपारपर्यंत गल्लीभर करणार, आणि पोरीचा संसार गोत्यात! काय करतो? लेथवर एक लोखंडी बांगडी काढली, मुलामा दिला, घातली तिच्या हातात.

चिकटली! डोळ्यांत पाणी आणून म्हणते कशी... "आयुष्यात एकदा तरी खरं घातलंत हो!"