गोजरबाईंना दिसणारे आवाज

...नाही, पण मला सांगा, समोरची बाई आवाजाला रंग असतो म्हणतेय, तेव्हा तिची झोप विचारायचं कुणाला सुचेल? मला तर नाही सुचलं. मी मानसोपचाराचा दुसऱ्या वर्षाचा निवासी डॉक्टर, वाचन सगळं नशेच्या मशरूमवर, त्यानं आवाज रंगीत कसे दिसतात, एकेकाच्या मेंदूची घडणच निराळी कशी... स्वतः काय घेतलंय म्हणाल तर खोकल्याचं औषध, त्यानंच दुपारभर आडवा झालो. पण ऐट बघा, मी संवेदनांचा अभ्यासक!

तर शेंद्र्याचा धम्मपाल, कंपनीत कामाला, आईला घेऊन आला. गोजरबाई, साठीच्या. तो म्हणाला, बाप वारल्यापासून आई... तेवढ्यात त्या म्हणाल्या, "ह्याचा आवाज पिवळा हाय."

संपलं. तुम्हाला सांगतो, धम्मपालचं वाक्य तिथं तुटलं ते तुटलंच. लहानपणापासून दिसतात? व्हय. कोंबड्याचा? तांबडा. शहागंजच्या चौकातल्या हॉर्नचा? पाऊण तास विचारतोय आपला, बाहेर रांग पार जिन्यापर्यंत. हा आजार नाही, परदेशात लोक असे रंग दिसावेत म्हणून मुद्दाम नशा करतात, हे मी त्यांनाच समजावलं. मनात तर लेख छापूनही झाला होता... संवेदनांचा अभ्यासक ना मी!

धावत आमच्या विभागप्रमुख तनुजा मॅडमकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "जेवतात का त्या?"

मला काय माहीत?

मॅडम स्वतः आल्या, खुर्ची ओढून शेजारी बसल्या आणि काहीच बोलल्या नाहीत. जरा वेळानं गोजरबाईच म्हणाल्या, "ह्याच्या बापाचा आवाज जांभळा व्हता. घरात आता त्यो रंगच नाय. घास कसा उतरंल?"

बारा दिवस नुसत्या चहावर होत्या. दोनदा विहिरीच्या काठावर सापडल्या होत्या. हेच सांगायला धम्मपालनं तोंड उघडलं होतं, आणि मी त्याच्या आईला हॉर्नचा रंग विचारत होतो...

त्याच दिवशी भरती केलं. औषधं सुरू झाली, मॅडम रोज जाऊन बसायच्या, मीही बसायला शिकलो, असं मला वाटतं. तीन आठवड्यांनी अर्धी भाकरी, मग अख्खी. घरी सोडलं त्या दिवशी धम्मपालनं हात जोडले, मला तर जमिनीत जावंसं वाटलं. पण खोड जाते का? विचारलंच शेवटी, मावशी, माझ्या आवाजाचा रंग कोणता, म्हणजे गडद आहे की फिका, की मधूनच बदलतो, की...

गोजरबाईंनी हात वर करून मला अडवलं.

"थांबला की सांगते, बाबा."