डोळ्यांची कामं, हातांची कामं

मेहुणा : दवाखान्यातून फोन आला त्या दिवशी तुम्ही मला दारातच म्हणालात, "तुझी ताई गेली. आत ये. जेवलास का?" तिघं-चौघं बघतच राहिले.

दाजी : तिच्या घरात आल्यागेल्याला तसंच विचारतात. तू बस. भाजी लागेल, बघून येतो.

मेहुणा : दाजी, आल्यापासून मी तुमची पाठच बघतोय. बोलायला आलोय मी.

दाजी : बोल की. कान इकडेच आहेत.

मेहुणा : कान आहेत, माणूस आत आहे. ताई कशी, मी आलो की समोर बसायची ती उठायचीच नाही. तरी ताट वेळेवर. मला वाटायचं, आत कुणीतरी लपवून ठेवलंय.

दाजी : (हात पुसत बाहेर येऊन) लग्नानंतर मलाही तसंच वाटायचं. मग एकदा तापाने घरी पडून होतो, तेव्हा कळलं. तिने कामांचे दोन वाटे केले होते. डोळ्यांची आणि हातांची.

मेहुणा : म्हणजे?

दाजी : तळण, दूध तापवणं. नजर हटली की गेलं. ती डोळ्यांची. ती पाहुणा यायच्या आधी उरकायची. मटार सोलणं, चमचे पुसणं, याला नुसते हात लागतात. ही मुद्दाम मागे ठेवायची आणि घेऊन समोर बसायची. डोळे पाहुण्यावर, हात मटारात.

मेहुणा : माझ्यापुढेही शेंगा ढकलायची. पाहुणा आहे की गडी, कळायचं नाही.

दाजी : हातात काम असलं की माणूस मोकळा बोलतो, म्हणायची. तुझी नोकरी गेली तेव्हा अख्खी पिशवी ओतली होती तुझ्यापुढे.

मेहुणा : पिशवी संपायच्या आत सगळं सांगून टाकलं मी. बायकोलाही बोललो नव्हतो तोवर.

दाजी : पुढे आठवडाभर आम्ही मटारच खात होतो. मी कुरकुर केली. का आणले एवढे, ते तिने मलासुद्धा सांगितलं नाही. तू सांगितलंस तेव्हा कळलं.

मेहुणा : अशी होती ती. मग एवढं ठाऊक असून तुमची ही आतबाहेर कशाला?

दाजी : ठाऊक असून काय होतं? माझी सगळीच कामं डोळ्यांची. कांदा चिरतानाही मान वर केली की बोट गेलंच.

मेहुणा : म्हणून तर म्हणतो, माझ्याकडे राहायला चला. आमच्या हिने खोली आवरून ठेवलीय. हेच सांगायला आलो होतो.

दाजी : येईन रे. आत्ता नको.

मेहुणा : आता इथे कुणासाठी थांबायचं?

दाजी : हा लसूण घे. अर्धा तू सोल, अर्धा मी.

मेहुणा : म्हणजे आता मी काहीतरी कबूल करायचं?

दाजी : तू नाही. मलाच सांगायचंय.

मेहुणा : सांगा.

दाजी : वर नवीन भाडेकरू आलेत. नवरा-बायको दोघंच, ओळखीचं कुणी नाही. दवाखान्यात जाताना जिन्यात भेटले. तुझ्या ताईला धड उभं राहवत नव्हतं, तरी त्यांना म्हणाली, मी घरी परत आले की जेवायला या. आता मी दिसलो की बिचारे खाली बघून जातात.

मेहुणा : म्हणून ही तालीम चाललीय. माझ्यावर.

दाजी : तू घरचा. करपलं तरी खाशील.

मेहुणा : खाईन. पण त्यांना बोलावलंत का?

दाजी : नाही. ते राहिलंय अजून.