केशोरीच्या मंडईची फाईल

...पन फाईल तं होती ना जी! तुमाले सांगतो, माह्या कम्प्युटरवर माह्या डोळ्यानं पायली, आन लोकं मलेच हासून राहिले! आमच्या केशोरीत दिवाळीनंतर मंडई भरते, भाजीची नाई, जत्रेवानी, दुकानं, नाटक, घरोघरी पाव्हने... तं मी अर्जुनीत कम्प्युटर क्लास घेनारा प्रफुल, मले काय सुचावं? गावाची वेबसाइट! पान उघडलं का आतला जावा भाषेतला प्रोग्राम फाईल वाचनार आन मंडईचा दिवस सरकत्या अक्षरात दाखवनार! कायले म्हनता? अजी, गोंदियाची प्राची पाहून आलो होतो! तिचे बाबा भैयाजी म्हने, "मंडई में आयेंगे, घर देखेंगे, फिर बोलेंगे!" दिवस वेबसाइटवर पाहा, असं मीच त्यायले सांगतलं, माहं लगन त्या फाईलवर टांगलेलं ना!

मागच्या साली मंडई भाऊबीजेपासून तिसऱ्या दिवशी होती, तोच दिवस टाकून म्या पयले साइट चढवली, मंग गावानं यंदा आठव्या दिवशी ठेवली. म्या फाईल बदलवली, घरी चालवून पायली, बरोब्बर आठवा! पन ह्या जावाचं कसं हाय, घरी चालवला तं घरची फाईल वाचते, अन् इंटरनेटवरून आला का ज्या सर्व्हरवरून, म्हंजे दूरच्या कम्प्युटरवरून, आला तिथलीच वाचनार, तुमच्या घरच्या फाईलले हात नाई लावत, भलता सोवळ्याचा! मंग सर्व्हरवर नवी फाईल कोन चढवाची? मी! चढवली का?... फाईल तं होती ना जी!

तिसऱ्या दिवशी आमी खळ्यात धान चुरून राहिलो, आईच्या केसात भुसा, मी बनियानवर, आन दारात जीप! भैयाजी उतरले, मागं प्राची. "क्यों जी, मंडई किधर है? इंटरनेट पे तो आज लिखा है!" मी अंगावरचा भुसा झटकून राहिलो! आई म्हने, "मंडई भरन पाच दिसानं, तुमी बसा तं खरं, भात टाकतो!" नव्या तांदळाचा भात, वांग्याची भाजी, पाव्हने खळ्यातच जेवले. भैयाजी हात धुता धुता म्हने, "मंडई में तो सब सज के बैठते हैं. हमने लडका काम करते देखा. पक्का!" अन् प्राची माह्या बनियानकडं पाहून हासून राहिली! लय बरं वाटलं जी!

आता जावा गेला, ब्राउझरवाल्यायनंच हाकलला, तिथं नुसता भुरका चौकोन दिसते. पन सासऱ्याच्या डोक्यात तेच जुनी फाईल! दर साली तिसऱ्या दिवशी जीप दारात, मुक्काम मंडईपावतर! फोन करून सांगतो, "बाबूजी, मंडई आठव्या दिवशी हाय!" तं म्हनते, "मालूम है बेटा... पर फाईल तो थी ना जी!"

मंग काय, टाका भात!