येताना घेतो

“ती बसेल रे. सतीशसारखी उठून नाही जायची.” — असंच, ह्याच शब्दांत, काकू. आणि मी काही चोरून ऐकत नव्हते हं. जिन्याखालच्या कपाटात कोट ठेवत होते, आणि इंग्लंडातल्या घरांच्या भिंती म्हणजे काय, पुठ्ठा नुसता — पलीकडे कुणी बिस्किट मोडलं तरी ऐकू येतं. उल्हासदादा म्हणाले ते. तुमचा मुलगा म्हणून तुम्हाला सांगतेय असं नाही — म्हणजे मुलगा तुमचाच, पण ही तक्रार नाही. आणा ती मेथी इकडे, निवडते मी. रिकाम्या हातांनी मला बोलता येत नाही. तसं भरल्या हातांनीही फारसं येत नाही म्हणा. सुयश सगळ्यांना सांगतो ना — ‘ऋजुता म्हणजे सायलेंट मोड’ — आणि मग सगळे हसतात, आणि मीही हसते, कारण विनोद बरा आहे.

तुम्हाला कुणी सांगितलंच नसेल ना आत काय शिजतंय ते? महिनाभर झाला तुम्हाला पुण्याहून येऊन, आणि मी जेव्हा जेव्हा ह्या घरी येते तेव्हा तुम्ही ह्याच काचेच्या खोलीत, ह्याच वेताच्या खुर्चीत. ‘आई, तुम्ही बसा निवांत.’ — नीनाच म्हणते ना असं? चांगल्या मनानं म्हणते हो, मला ठाऊक आहे. तर, अमेरिकेत एक वाळवंट आहे. त्यात तांबड्या दगडाच्या लाटाच लाटा, वाऱ्यानं घासून गुळगुळीत झालेल्या — फोटोत बघितलं की वाटतं कुणी ताटात श्रीखंड पसरून चमच्यानं रेघा ओढल्यात. तिथं कुणालाही जाऊ देत नाहीत. रोज मोजकीच माणसं. त्यासाठी परमिट लागतं आणि परमिटची निघते लॉटरी. उल्हासदादा चार वर्षं नाव घालतायत, नीना घालतेय, सुयश घालतोय — कुणाचं म्हणून लागलं नाही. ह्या खेपेला सुयश म्हणाला, तुझंही घालू या गं, एक नाव वाढलं तर वाढलं. आणि लागलं कुणाचं? हो. माझंच. लग्नाला चार महिने झालेत आणि नवऱ्यानं माझ्याकडे इतकं कौतुकानं लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं, खरं सांगते.

आणि नियम असा आहे काकू, की ज्याच्या नावावर परमिट, तो माणूस बरोबर हवाच. तो नसेल तर बाकीच्यांनी गेटातून परत फिरायचं. म्हणजे मला नेल्याशिवाय गत्यंतर नाही. आणि मला नेलं तर माझी चाल — बघितलीत ना तुम्ही, परवा बस स्टॉपपर्यंत तुम्हीच माझ्यापुढे होतात! — म्हणून मग ते ‘ती बसेल रे’. अर्ध्या वाटेवर एक मोठा खडक आहे म्हणे, त्याची सावली पडते. तिथं मला बसवायचं, ह्यांनी पुढे वरची दगडी कमान बघून यायचं, आणि येताना मला घ्यायचं.

— हो, आले! आले हं! —

काही नाही हो, कोड हवाय त्यांना. आज पाच वाजेपर्यंत मी हो म्हटलं नाही तर परमिट दुसऱ्या कुणाला तरी जातं. खातं माझ्या नावाचं, म्हणून कोड माझ्या फोनवर येतो. आत तिघं लॅपटॉपसमोर बसलेत, सत्यनारायणाला बसल्यासारखे, आणि प्रसाद माझ्या खिशात. येऊ दे. परत मागतील.

तर मी काय म्हणत होते — येताना घेतो. आता आपल्याकडे चालतं की हे. मीही केलेत चारदोन गड कॉलेजात. कुणी दमलं की त्याला करवंदीच्या जाळीपाशी बसवायचं, ‘बस इथंच, येताना घेतो’, आणि पुढे जायचं. त्यात वाईट काय? वाट एकच. कुणी मावशी ताकाची कळशी घेऊन बसलेली असते, गुरं असतात, गुराखी असतो, शेजारच्या पाड्यावरचं कुत्रं तरी येऊन बसतं जवळ. माणूस एकटा असा पडतच नाही. पण तिकडे काकू, वाटच नाही. खरंच नाही! पाटी नाही, खूण नाही, दगडावर पाऊल उमटत नाही, फोन लागत नाही. त्यांनी एक पत्रक पाठवलंय, ते आत कुणी वाचलेलं नाही, मी वाचलं — त्यात लिहिलंय की जाताना सारखं मागे वळून बघत जा, कारण येताना तीच जागा निराळी दिसते. सगळे खडक एकसारखे. मग ‘येताना’ म्हणजे नेमकं कुठून येताना? हे मला विचारायचं होतं. विचारलं नाही. कोट टांगला आणि तुमच्याकडे आले.

नाही नाही, मला भीती वाटतेय असं नाही. म्हणजे — वाटतेय. पण उगाच नाही. सराव झालाय ना आमचा! महिन्यापूर्वी गेलो होतो पीक डिस्ट्रिक्टला, इथल्या डोंगराळ भागात. तोही वाळूचाच दगड, म्हणून उल्हासदादा म्हणाले, इथंच प्रॅक्टिस करू. चढ लागला तशी मी मागे पडले. सुयश माघारी आला, किती प्रेमानं म्हणाला, ‘दे तुझी सॅक, मी घेतो’, आणि घेतली. मला इतकं बरं वाटलं काकू! वाटलं, काय माणूस मिळालाय. मग पुढे एका दगडाशी मला बसवलं. येताना घेतो. आणि गेले. आणि धुकं आलं. इथलं धुकं बघितलंत ना तुम्ही? येत नाही ते — असतंच, फक्त आपल्याला कळतं उशिरा. आधी समोरचं कुंपण गेलं, मग ज्या दगडाला टेकले होते त्याचं वरचं टोक गेलं. मी हाक मारली का? नाही मारली. एकटीनं ओरडायचं म्हणजे कसंसंच वाटतं. आणि पाणी सॅकमध्ये. फोन सॅकमध्ये. जाकीट सॅकमध्ये. शिट्टीसुद्धा — सुयशनंच घेऊन दिली होती, हौसेनं, नारिंगी रंगाची — ती सॅकमध्ये.

किती वेळ? विचारू नका. हाताची बोटं आपली वाटेनाशी होईपर्यंत. मग एक म्हातारे गृहस्थ आले कुत्रा घेऊन, इकडचेच, म्हणाले, “यू ऑल राइट, डक?” — आपण ‘बाळ’ म्हणतो तसं तिकडे ‘डक’ म्हणतात — आणि मी काय म्हणाले असेन? “येस, येस, फाइन, वेटिंग फॉर माय हजबंड.” दात वाजतायत आणि फाइन! त्यांनी थर्मासमधला चहा दिला, कुत्र्याला माझ्या पायांवर बसवलं आणि स्वतः शेजारी बसले. आणि हे तिघं, काकू, धुकं आलं म्हणून पलीकडच्या बाजूनं उतरले होते. सोप्या वाटेनं. खाली कार पार्कमध्ये आल्यावर सुयशनं सॅक उतरवली तर दोन निघाल्या. तेव्हा आठवण झाली त्याला.

धावत आला हो तो. रडवेला झाला होता, खोटं कशाला बोलू. घट्ट मिठी मारली, आणि कानात काय म्हणाला माहितेय? ‘शहाणी माझी. हलली नाहीस.’

आणि आज उल्हासदादा म्हणाले ना ती बसेल रे, तेव्हा त्याला उत्तर कुणी दिलं? सुयशनं. म्हणाला, “हो, टेस्ट झालीये तिची.”

असो. त्या दोन काड्यांना पानंच नाहीत, टाका त्या.

बसायचं म्हणाल तर माझा हात धरणारं कुणी नाही, बरं का. भटजी म्हणाले बसा — बसले. फोटोवाला म्हणाला ताई जरा अशा बसा — तशी बसले. व्हिसाच्या ऑफिसात क्रॉयडनला म्हणाले टेक अ सीट — अजून बसलेलीच असते, सुयशनं उठवलं नसतं तर. पण एक सांगा मला, तुम्हाला नक्की ठाऊक असेल — सतीश कोण हो?

नाही, मला कुणी सांगत नाही. जिन्यात तो फोटो लावलाय ना, गडावरचा, सगळे विशीतले, उल्हासदादांना केस आहेत — त्यात कडेला टोपीवाला एक मुलगा आहे, खांद्यावर टॉवेल. मी सुयशला विचारलं हा कोण, तर म्हणाला, ‘सतीश. तो आता येत नाही.’ मला वाटलं, भांडण झालं असेल. किंवा ऑस्ट्रेलियाला गेला असेल. माणसं येईनाशी झाली की ऑस्ट्रेलियालाच गेलेली असतात.

काकू? मेथी सांडतेय.

अगं बाई. … कधी? … मे महिन्यात? उन्हाचं, गडावर? … हं. … हं. त्यालाही बसवलं होतं. आणि हे दुसऱ्या घळीनं उतरले — हो, उतरणारच. आणि तो उठला. कड्यावरून … दुसऱ्या दिवशी गुराख्यांना … नको, पुढचं नका सांगू, कळलं मला.

म्हणून. म्हणून ते ‘सतीशसारखी उठून नाही जायची’. म्हणजे ह्यांच्या लेखी चूक त्याची झाली! बस म्हटलं होतं, बसला नाही. इतक्या वर्षांत ह्यांनी त्यातून शिकलं काय, तर पुढच्या वेळी बसणारा माणूस न्यायचा. — पण काकू, तो उठला का? ह्याचं उत्तर कुणी … तुम्हाला कसं ठाऊक? … कुठली बाटली?

…

तुम्ही उल्हासदादांची सॅक रिकामी केलीत. धुवायला. आणि त्यात दोन बाटल्या. एकीला निळ्या कापडाची पिशवी शिवलेली, सतीशच्या आईनं. आणि ती — भरलेली.

त्याचंही ओझं घेतलं होतं. प्रेमानं.

नाही, रडू नका. मी काही कुणाला सांगायला जात नाही. तुम्ही तरी कुणाला सांगणार होतात? एकुलता मुलगा, त्याला तेव्हा ताप भरलेला, आणि तुम्ही मोरीत उभ्या ती बाटली हातात धरून. ओतून टाकलंत पाणी? … तुळशीला. बरं केलंत. आणि तेव्हापासून तुम्हीही बसलेल्याच की एका जागी, गप्प. आपली दोघींची टेस्ट झालीये काकू.

काल सुयशनं यादी वाचून दाखवली मला, वाळवंटात काय काय न्यायचं. पाणी माणशी चार लिटर. मी म्हटलं, एवढं ओझं मला झेपेल का रे? तर माझ्या केसांवरून हात फिरवला त्यानं. म्हणाला, ‘वेडाबाई, तुझं पाणी मीच घेणार आहे.’

— हो! ऐकू आलं! ऐकू आलं म्हटलं ना! —

पाचला दहा कमी आहेत. बघा, आला कोड. सहा आकडे. एवढंसं काय ते.

तुम्ही का उठलात? … चपला? बाहेर गारठा आहे हो, शाल तरी घ्या. ती नको, ती पातळ आहे — ही घ्या. मेथी राहू दे तशीच. माझा हात धरा, नाहीतर मी तुमचा धरते, चाल आपली सारखीच आहे. थांबा, आधी त्यांना सांगते. दाराशीच उभ्या राहा माझ्याजवळ. —

“सुयश, ऐक. उल्हासदादा, नीना, तुम्हीही ऐका. मी आणि काकू जरा चालून येतो. — नाही, फोन माझ्याबरोबरच असणार. — नाही, कोड नाही सांगत. — आणि ती माझी पर्स दे इकडे, सुयश, माझं ओझं माझ्याकडेच राहू दे. — पाच वाजतील? वाजू देत. तुम्ही तिघं बसा इथंच, निवांत, कुणी हलू नका. येताना घेतो आम्ही तुम्हाला.”