टाकीशेडपासून गेटपर्यंत

आमी मूळचे चिंचोटीच्या पुढचे, खाडीकाठचे. घरी भातशेती, पन बांध फुटला की खारं पानी शिरायचं आनी त्या वर्षी पेंढाही हाती लागायचा नाय, म्हनून दादा, म्हंजे माझा मोठा भाऊ, सातिवलीला केमिकलच्या कंपनीत लागला, आनी त्यानंच मला आयटीआयला घातला, वायरमन केला. बाप लवकर गेलेला, काय सांगू तुम्हाला, माझा बाप तोच.

दादा मागच्या टाकीशेडमध्ये ऑपरेटर. तिथं भिंतीला गॅस मोजायचं मशीन, गॅस वाढला की भोंगा वाजायचा. पन वाजायचा कुठं, तर शेडमध्येच. जो आत हाय त्यालाच ऐकू येनार, आनी तोच पडला तर? दादा हे सायबांना बोललेला, एकदा नाय, कितीदा बोललेला. सायब बोलायचे करू, करू. मग एक दिवस दुपारी सगळे पुढे जेवायला, दादा एकटा आत, आनी पायपाचा जोड सुटला. भोंगा वाजला, वाजतच राहिला, पुढे मशिनींच्या आवाजात कोनाला कळलंच नाय. लोक जेवून परत आले तेव्हा दादा दाराच्या आत पडलेला, जीव गेलेला, आनी भोंगा चालूच व्हता.

त्यानंतर वरून हुकूम आला, मशीनचा आकडा गेटच्या ऑफिसात दिसला पायजे, भोंगा तिथंही वाजला पायजे. मी ज्या ठेकेदाराकडं हाय त्यालाच ते काम मिळालं. तो बोलला, तू राहू दे, दुसऱ्याला पाठवतो. मी बोललो नाय, मीच जातो. घरी वयनीला सांगितलं, शेडपासून गेटपर्यंत तार ओढायला मीच जातो, तर ती बोलली, भावजी, आता त्या तारेचा मला काय उपयोग.  मी हत्यारांची पिशवी भरली.

आता मशीनची डेटाची केबल एवढी लांब ओढली तर आकडे वाटेतच मरतात, म्हनून दोन्ही टोकांना मोडेमचा छोटा डबा लावायचा, शॉर्ट रेंजचा, म्हंजे कंपनीच्या आवारापुरता आकडे तारेवरून पोचवनारा, आनी मधे तांब्याच्या तारांच्या दोन जोड्या, एक आकडे पाठवनारी, एक घेनारी. शेडमधला डबा बसवायची जागा नेमकी दारापाशी. दादा पडलेला तिथंच उभं राहून स्क्रू पिळले. दुसरा गेटवर, कॉम्प्युटरला. दोन्हीकडं दिवे लागले, स्क्रीन कोरी. परत शेड, परत गेट. मग दिसलं, पाठवनारी जोडी समोरच्या पाठवनारीलाच लागलेली, ती समोरच्या घेनारीला जायला पायजे. जोड्यांची अदलाबदल केली, आनी आकडा आला.

मग टेस्टिंग. मी मास्क लावून सेन्सरवर टेस्टचा गॅस सोडला, गेटवर भोंगा वाजला, आनी वॉचमन, सायब, पॅकिंगच्या बाया, सगळे शेडकडं धावत आले. टेस्टिंग हाय हे कोनाला माहीत व्हतं, कोनाला नाय. मी दारात उभा, मास्क काढला, बघितलं तर एवढी मानसं, एवढ्या लवकर. मी तिथंच खाली बसलो. सायब बोलले, झालं ना काम? मी बोललो, झालं.

आता दर पावसाळ्याआधी मीच जाऊन तारांचे जोड तपासतो, ओल लागली की गंजतात. दादाच्या जागी दुसरा मानूस हाय, बिहारचा, त्याला बोलतो, भाई, अकेला अंदर मत जा. वयनीनं त्या तारेचं नाव कधी काढलं नव्हतं. यंदा मी तिथून आलो, हात धुतले, जेवायला बसलो तर ती बोलली, भावजी, चालतं ना ते? मी बोललो, चालतं. बरं झालं, बोलली, त्या बिहारच्या मानसाची पन बायको गावाला वाट बघत असेल. आनी माझ्या ताटात भात वाढला.