घट्ट किती, सैल किती

लिहा मास्तर, मी मूळचा नंदुरबारकडच्या कोरीट गावचा, बाप शिंपी, आजा शिंपी, कापूस घरात आला की गावाच्या अंगावर जे नवं चढायचं ते आमच्याच हातचं, बंड्या म्हणा, पायजमे म्हणा, पोरींचे परकर म्हणा, आणि माणूस दारातून आत आला की टेप न लावता मी सांगायचो ह्याला कापड किती लागेल. तुमच्यासारखं बोलायला जातो मी, पण मधीच आमची अहिराणी निसटते, तेवढं चालवून घ्या.

साठीकडे आलो तशी लघवी अडायला लागली, आणि एक दिवस पार बंद. काय सांगू तुम्हाला, आत गच्च भरलेलं आणि बाहेर थेंब नाही, माणूस जमिनीवर गडाबडा लोळतो, देवाचं नाव घेतो आणि देवालाच शिव्या देतो. मोठ्या दवाखान्यात नेलं, पोट फाडून प्रोस्टेटची गाठ काढली, जीव वाचला. पण लघवीसाठी घातलेली रबरी नळी काढली आणि उलटंच झालं, आता थांबेचना. खोकलो की सांडायचं, उठलो की सांडायचं, मशीनवर पाय मारला की धोतर ओलं. डॉक्टर म्हणाले, असं होतं काहींना, कमी होईल, धीर धरा. वर्ष उलटलं, कमी झालं नाही. मी चिंध्यांच्या घड्या शिवल्या, लंगोटाला आतून सायकलच्या ट्यूबचं रबर लावलं, पाणी पिणं सोडलं, तरी वास यायचाच, आणि गिऱ्हाईक मापाला जवळ आलं की वाटायचं, आता ह्याला कळणार, आता हा नाक वळवणार.

मग श्रावण आला, आमची देवी कानबाई घरी आली. आमच्यात कानबाईच्या रोटाचे, म्हणजे नैवेद्याचे, गहू घरातल्या पुरुषांच्या नावानं काढतात, एकेकाची सव्वा मूठ, ज्यानं त्यानं धुतल्या कपड्यानं स्वतःच्या हातानं घालायची. मी म्हटलं मन्ही मूठ नका धरू, मी ओला माणूस, देवीपुढे कसा बसू. थोरले भाऊ, त्यांना आम्ही नाना म्हणतो, ते असे भडकले, म्हणाले, तू जित्ता शे ना, जित्त्या माणसानी मूठ सोडतस का कोनी, काय अभद्र बोली ऱ्हायना. वहिनी रडायला लागली. मग मला वाटलं, एक दिवस, फक्त एक दिवस कोरडं राहायचं. शिंप्याचंच डोकं ते, पायजम्याची नाडी घेतली आणि खाली लघवीच्या जागेलाच बांधली, आवळून, पक्की गाठ मारून. मूठ घातली, सगळ्यांत बसलो, धोतर कोरडं, नाना माझ्याकडे बघून हसलेसुद्धा. दिवस कलायला लागला तशी कळ सुरू झाली. आडोशाला जाऊन बघतो तर सुजून निळं पडलेलं, नाडी कातड्यात रुतलेली, गाठ सुटेना, कात्री घालायला जागा नाही, आणि आत पुन्हा तेच, गच्च भरलेलं. मी ओरडलो मास्तर, देवीपुढे आरती चाललेली आणि मी गोठ्याआड ओरडतोय.

गाडी जुंपून नंदुरबारला नेलं. तिथल्या डॉक्टरानं बारीक चिमट्यानं नाडी उचलून कापली आणि म्हणाला, आणखी उशीर केला असता तर नाडीऐवजी तेच कापावं लागलं असतं. मग म्हणाला, सुरतेला एक सर्जन आहेत, ह्या सांडण्यावर ऑपरेशन करतात, त्यांच्याकडे जा.

गेलो, रेल्वेनं, मांडीखाली गोधडी घेऊन. सुरतेचा डॉक्टर भला माणूस, कागदावर चित्र काढून सांगितलं, पोटाच्या आतल्या पडद्याची पट्टी काढू, ती लघवीच्या नळीखालून घेऊ आणि वर ताणून शिवू, म्हणजे नळीला दाब बसेल. मी विचारलं साहेब, किती ताणणार? म्हणाला, अंदाजानं. अंदाजानं! अहो, पायजमा घट्ट झाला तर मी उसवून देतो, हे कोण उसवणार? तो म्हणाला, काका, खोटं नाही सांगत, जास्त घट्ट झालं तर लघवी अडेल, पुन्हा नळी घालावी लागेल, सैल राहिलं तर सांडत राहील. मी उठून घरी निघालो होतो. बायको दारात आडवी उभी राहिली, म्हणाली, ओला ऱ्हाईसन बी तुम्ही भ्यातसच ना, मग कोरडा व्हईसन भ्या.

पाठीत सुई दिली, कमरेखालचं सगळं मेलं, पण कान जागे. कात्रीचा आवाज मला कळतो मास्तर, जन्मभर ऐकलाय, तो माझ्याच अंगातून येत होता. मी डोळे मिटून एकच घोकत होतो, सैल ठेव बाबा, सैल ठेव.

नळी काढली तो दिवस मी मरेपर्यंत विसरणार नाही. नर्सनं पाणी पाजलं, भांडं दिलं, म्हणाली, बसा, येईल. येईना. पोट तट्ट झालं, घाम सुटला, डोळ्यांपुढे तीच जमीन, तेच लोळणं. बायको दारामागून विचारते, उनं का, आलं का? पुन्हा विचारते, बोला ना, उनं का? आणि तेवढ्यात आली, बारीक धार, दुखत दुखत, पण आली. मग मी भीत भीत आवरून धरलं. आणि थांबली. माझ्या सांगण्यानं थांबली हो! मी तिथंच मोठ्यानं रडलो, तर बायकोला वाटलं मेलाच हा, ती दार ढकलून आत.

आता मशीनवर बसतो, धोतर कोरडं असतं. कापडाचा गठ्ठा उचलला की चार थेंब जातात, त्याला एक घडी ठेवतो, त्याची लाज नाही वाटत. पण खरं सांगू, भीती नाही गेली. रोज सकाळी बसलो की पहिला थेंब येईपर्यंत हात गार पडतात, आज अडलं तर? येतं, रोज येतं, तरी पडतात. माझं नाव घालू नका ह्याच्यात. पण कोणी माझ्यासारखा चिंध्या बांधून लपून बसला असेल त्याला वाचून दाखवा, म्हणावं बांधू नको, दवाखान्यात जा. देव सगळ्यांची वाट मोकळी ठेवो, आणि जरा आवरूनबी ठेवो.